मावशीचा सल्ला

बारकीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता. एक लांबच्या शहरातलं, नावाजलेलं. दुसरं घरापासून हाकेच्या अंतरावर, पण यथातथाच. मायलेकींचा निर्णय काही होईना, म्हणून आईने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं.

मावशीने आल्या आल्या सगळा हिशेब मांडला. "फी भराल गं कशीबशी, पण होस्टेल, जाणं-येणं? आणि ही आपली भिडस्त, चारचौघांत पाणी मागायलाही लाजते. तिथल्या तिखट पोरींत हिचा निभाव कसा लागायचा?" बारकीचे डोळे भरून आले. मावशीनेच तिला जवळ घेतलं आणि शेजारी बसून, तिच्याच फोनवरून, लांबच्या कॉलेजातली जागा सोडायला लावली. "सुटलीस बघ!" म्हणत पाठीवरून हातही फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता.

"अगं बारके, आमच्या चिमीला मिळालं की ते लांबचं कॉलेज! वेटिंग लिस्टमध्ये पहिलीच होती ती. तुला मुद्दामच बोलले नाही, उगाच मनाला लावून घेतलं असतंस. बरं, तुझी ती नवी मोठी बॅग दे हं तिला, आता तुला काय उपयोग?"