आतली पट्टी

पंजाबरावांनी यंत्र एका हातानं उचललं, अंदाज घेतला, बोटाच्या पेरानं नळीवर टकटक केलं आणि मान डोलावली.

"आता कसं, लोखंड हातात हाय असं वाटून राह्यलं."

शिरपूरच्या फाट्यावरच्या प्रसेनजितच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये तशी यंत्रं भिंतीला ओळीनं उभी होती. हिरवा रंग, कमरेशी येणारी वळणदार मूठ, खाली चोच. उभ्यानं चालायचं, चोच मातीत रुतवायची, बी पडलं की उचलून पुढं. बायांना दिवसभर वाकून एकेक बी मातीत टोबावं लागू नये, एवढ्यासाठीच त्याचा जन्म.

पंजाबराव किन्हीराजाकडच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष. त्यांनी आज हो म्हटलं तर यंत्र सगळ्या सभासदांच्या घरी जाणार होतं. नाही म्हटलं तर प्रसेनजित पुन्हा फाटकं आणि खाटा जोडायला मोकळा होता.

यंत्र आखलं होतं वर्षाराणीनं. वाशिमचीच पोर, डिझाइन शिकून एका संस्थेत लागलेली. प्रसेनजितच्या मायच्या, लिलाबाईच्या, मागंमागं ती अख्खा हंगाम वावरात फिरली. मनगट कुठं भरून येतं, मूठ कुठं घसरते, सगळं पाहिलं. मग पातळ नळी निवडली, मूठ वळवली आणि कापणी-जोडणीचे साचे करून दिले. त्याआधी प्रसेनजितच्या खाटेचे पाय एकमेकांना ओळख देत नसत. आता कुठल्याही यंत्राची चोच कुठल्याही यंत्राला बसत होती. हाताखाली माणसं आली, दारावर नावाची पाटी चढली. हे सगळं डिझाइननं दिलं असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

फक्त माल खपला नाही. मालेगावच्या दुकानदारानं गेल्या हंगामातला सगळा परत पाठवला. यंत्र चालवणार बाया, आणि दुकानात येणार त्यांचे नवरे, नाहीतर मालक. माणूस यायचा, एका हातानं उचलायचा, टिनाचं हाय म्हणायचा आणि खाली ठेवायचा. चालवून पाहायची रीतच नाही. लोखंडाची पत आपल्याकडं मनगटावर ठरते, आणि तेही न राबणाऱ्या मनगटावर.

म्हणून यंदा प्रसेनजितनं नळीच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही अशी, जाड लोखंडी पट्टी जोडली. वर्षाराणीला त्यानं हे कळवलं नव्हतं.

आणि ती आज कॅमेरा घेऊन इथंच हजर होती. पंजाबरावांना मुठीचं वळण दाखवायला म्हणून तिनं यंत्र उचललं आणि तिचा हात अर्ध्यातच थबकला. तिनं प्रसेनजितकडं पाहिलं. प्रसेनजितला नेमकी त्याच वेळी ग्राइंडरची वायर तपासावीशी वाटली.

पंजाबरावांनी तिलाच विचारलं, मागच्या साली ते तसं पोकळ काहून केलं होतं? प्रसेनजित वायरीवरून मान वर करेना. तिच्या एका शब्दावर आता शेड होती. पण तिलाही संस्थेत जाऊन काहीतरी खपलं असं दाखवायचं होतं. चांगल्या पण पडून राहिलेल्या वस्तूचं तिथं कोणी कौतुक करत नसे.

"तो नुसता नमुना होता," ती म्हणाली. "खरा माल हा."

मग ती लगेच उजेडाबद्दल बोलू लागली. पंजाबरावांना यंत्र धरून दारात उभं केलं, फोटो काढले. फोटोत वजन दिसत नाही, ही एक सोय.

पंजाबरावांना ते चालवूनही पाहायचं होतं, म्हणजे दुसऱ्यानं चालवलेलं. लिलाबाई डबा घेऊन आली होती, बाभळीखाली बसली होती. तिला हाक गेली. शेडमागच्या भुसभुशीत मातीत ती एक ओळ टोबत गेली. मध्ये तिनं हात बदलला. टोकाला पोचेपर्यंत पुन्हा बदलला. माघारी आल्यावर पंजाबरावांनी विचारलं, कसं हाय?

"पोरानं बनोलं हाय," लिलाबाई म्हणाली.

पंजाबराव खूश होऊन हसले. ऑर्डर तिथंच पक्की झाली, आणि पहिली काही यंत्रं त्यांनी स्वतःच्याच वावरासाठी म्हणून जीपमध्ये टाकून घेतली. जीपच्या मागोमाग वर्षाराणीही निघाली. एरवी निघताना ती लिलाबाईचा हात हातात घेऊन तळव्यावरचे फोड बघायची. आज लांबूनच नमस्कार केला आणि बस सुटेल म्हणाली.

दोघंच उरल्यावर प्रसेनजितनं पत्र्यामागून एक यंत्र काढलं. तसंच हिरवं, पण पट्टी न घातलेलं. सकाळपासून तो मनाशी हाच हिशेब घोकत होता आणि हिशेब त्याला चोख वाटत होता. घेणाऱ्याला घेणाऱ्याच्या मनासारखं, मायला मायच्या हातासारखं. कोणाचंच काही बुडत नव्हतं.

"हे तुह्यं, माय. याच्यात काईच टाकलं नाई."

लिलाबाईनं यंत्र उचललं, एकदा वर-खाली करून पाहिलं. मुठीवरची धूळ पदरानं पुसली. मग ते परत भिंतीला नीट टेकवून ठेवलं आणि रिकामा डबा उचलला.

"हे घेऊन जाऊ कुठी, बापू? आपल्याले वावर हाय का? पेरणी लागली का मले पंजाबरावाच्याच वावरात रोजानं जा लागते. औजार मालकाचं राह्यते तिथी."