प्लास्टिकखालचं मशिन

हिच्या छातीतली गाठ हाताबाहेर गेल्याचं कळलं त्या दिवशी मोठ्या शहरातल्या डॉक्टरबाई वैतागून म्हणाल्या, "इतका उशीर? तुमच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचं मशिन नाही का?"

"आहे की! रोज मीच पुसते," ही म्हणाली.

ही तिथं सफाईला होती. खोली सरकारनं बांधलेली, मशिन भागीदार कंपनीनं आणलेलं. ते चालवायला माणूस कोणी नेमायचा, यावर दोघांचं अडलेलं, म्हणून मशिन प्लास्टिकखालीच. "लग्न लागलंय, पण संसार कोणी मांडायचा तेच ठरेना," असं ही हसून सांगायची. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हाही म्हणाली, "थांबा हो, सुरू झालं की पहिला नंबर माझा. मेट्रनबाईंनी शब्द दिलाय."

ही गेली. परवा हिचा डबा आणि चपला आणायला दवाखान्यात गेलो. मेट्रनबाई मान खाली घालून म्हणाल्या, "दादा, तिच्या जागी अजून कोणी आलं नाही." मशिनवर बोटभर धूळ होती. मी माझ्या रुमालानं ती पुसून घेतली.



प्लास्टिक अजून कोणी काढलेलं नाही.