न झोंबणारी मिरची

नंदुरबारजवळच्या पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानात, मिरची वाळते, तिथं डोळ्यात मिरची जाणं रोजचंच. झोंबणं उतरावं म्हणून आम्ही बाया वेणीचं टोक डोळ्यावरून फिरवतो आणि पुन्हा लाल मिरचीतली पांढरी पडलेली निवडायला लागतो. आठ दिवस माझ्या डाव्या डोळ्यापुढे काळ्या माशा उडत होत्या आणि मी वेणीच फिरवत होते. मला एचआयव्ही आहे हे सगळ्यांना कळल्यापासून शेजारी कोणी बसत नसे; त्या दिवशी म्हातारी बेबीबाई येऊन बसली. “झोंबस का?” तिनं विचारलं. “नही. नुसत्या माशा दिखतस.” “मंग ती मिरची नही, माय. मिरची झोंबसच.” मग मी तिला सांगितलं, ऊसतोडीला गुजरातेत गेले तेव्हा चार महिने माझ्या गोळ्या सुटल्या होत्या. तिनं टोपली तिथंच टाकली आणि मला दवाखान्यात नेलं. “अंगातली ताकद उतरली की डोळ्याच्या पडद्याला असा संसर्ग होतो, आणि तो दुखत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अजून उशीर केला असता तर नजर गेली असती.” डोळ्यात इंजेक्शनं झाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. एकदोन माशा राहिल्या, नजर वाचली. आज, सहा महिन्यांनी, पथारीवर वारा सुटला आणि त्याच डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. “बेबीबाई, झोंबनी वं, झोंबनी!” मी ओरडलेच. माझी वेणी पाठीवर होतीच. तिनं मात्र स्वतःची पांढरी वेणी माझ्या डोळ्यावरून फिरवली, सगळ्या बायांदेखत.