सातव्या रिळातली बाई

"हे एकच लावा." काकूंनी पिशवीतून पत्र्याचा चपटा डबा काढून टेबलावर ठेवला. "बाकीची सहा मला ऐकायची नाहीत."

जुनी रिळं साफ करून ती नव्या साधनांवर उतरवून द्यायची, हा टेपवाल्याचा धंदा. खोलीभर उघडी यंत्रं आणि सुटे पट्टे पडले होते. त्याने डबा उजेडात धरला. झाकणावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रीळ सात. सूफी गाणी, रबाब. ब. उ.’

शेवटच्या दोन अक्षरांवर त्याचं बोट जरा थांबलं. काकूंनी ते टिपलं.

"ओळखता का या नावाच्या कुणाला?"

"नावाच्या?" त्याने वर पाहिलं. "आधी ऐकू तरी."

यालाही माहीत आहे, काकूंच्या मनात आलं. हे रेकॉर्डिंगवाले एकमेकांचं बरोबर झाकतात.

लेक दाराला टेकून उभी होती. "आई, सोमवारी बाबांना दवाखान्यातून सोडणार आहेत. वाचा गेलीय त्यांची. आता कसली चौकशी लावलीस?"

"सोमवारी ते तुझ्याकडे जातात की माझ्याकडे, ते या रिळावर ठरेल. तू गप्प उभी राहा."

काका रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. ऐन उमेदीत ते चार-पाच वर्षं डोंगरापलीकडच्या अफगाण गवयांकडे जात-येत होते; शेवटच्या खेपेला दोन महिने राहिले आणि सात रिळं घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर काकूंनी त्यातलं शेवटचं रीळ आपल्या हाताने लावून पाहिलं. खटका तर दाबायचा, त्यात शिकायचं काय!

एका बाईचं गाणं होतं ते. पातळ, गोड, धावता आवाज.

त्या संध्याकाळी काकांनी हौसेने तेच रीळ बाहेर काढलं. "माझं डोकं दुखतंय," काकू म्हणाल्या. ते डोकं पुढे चौतीस वर्षं दुखत राहिलं.

एकदाच त्यांनी विचारलं होतं. "त्या शेवटच्या दिवशी तिथे कोण कोण होतं हो?"

"मी आणि म्हातारे उस्ताद. बाकी काळं कुत्रं नव्हतं."

धडधडीत खोटं! काकूंनी त्याच दिवशी काकांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. काका तिथे हेडफोन चढवून, बटणं इकडेतिकडे फिरवत, डोळे मिटून एकटेच ते रीळ ऐकत बसायचे. काकू आतून बघायच्या आणि ताटं जरा जोरातच आपटायच्या.

टेपवाल्याने यंत्र चालू केलं. बाई गाऊ लागली.

"किती गोड गाते गं," लेक बोलून गेली. काकूंनी असं पाहिलं की तिने जीभच चावली.

टेपवाल्याच्या कपाळाला आठी पडली. "रबाब इतका चढा? तार तुटेल अशाने."

"रबाबाचं राहू द्या. बाईचं बोला. वय काय असेल तिचं?"

"सांगता येत नाही."

"येत नाही की सांगायचं नाही?"

त्याने यंत्राला कान लावला. गाणं संपलं.

"आता ऐका," काकू कुजबुजल्या.

खुडबुड झाली आणि एका लहान मुलाचा चिरका आवाज आला. "घरी न्यायचं..."

"बंद करा!" काकूंनी टेबलावर हात आपटला. याच्या पुढे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "मराठी! त्या मुलखातल्या पोराला मराठी शिकवलं कुणी? आणि ते कुणाला सांगतंय, घरी न्यायचं म्हणून?"

लेक दारातून पुढे आली. "आई, तू हे कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तुला एक भाऊ आहे म्हणून?"

मग टेपवाल्याने हलकेच विचारलं, "काकू, तिथे वीज होती का हो?"

"कुठली वीज! कंदिलावर राहायचे. पत्रात लिहिलं होतं तसं."

"हं." त्याने रीळ थोडं मागे घेतलं आणि एका बटणाला हात घातला.

"काय करताय? पुसताय की काय? माझ्या डोळ्यांदेखत?"

"पुसत नाही. भरताना यंत्र रेंगाळलं असेल, तर ऐकताना आवाज पळतो. जरा हळू चालवतोय."

त्याने बटण हळूहळू फिरवलं. पळणारा रबाब चालू लागला, मग निवांत झाला. बाईचा आवाज जडावला, भरला, खाली खाली उतरत गेला आणि दात पडलेला एक म्हातारा शांतपणे आपल्या देवाला आळवू लागला. लेकीचा हात तोंडावर गेला. काकू यंत्राकडे बघत राहिल्या.

गाणं संपलं. खुडबुड झाली.

"घरी न्यायचं हे," तरुण काका हसत स्वतःशीच म्हणाले. "बॅटरी उतरली मेली, डब्यावर तसं लिहून ठेवतो, पण असू दे. सगळ्यांत आधी बायकोला ऐकवणार."