ताप कुणाचा

गोदूनं थर्मामीटर उजेडाकडे धरून पाहिला आणि पुसायच्या निमित्तानं ओढणीत लपवला. कालवडीच्या कानाची पाळी हाताला चटका देत होती.

"किती?" तिच्या वडिलांनी, रामभाऊंनी विचारलं.

"आहे, आबा."

याच दावणीला महिन्यापूर्वी त्यांची जर्सी गाय गोचीडतापानं गेली होती. मागे राहिली ती तिची ही कालवड. मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गोदूनं मागच्या आठवड्यात शिरगावला येऊन तिला स्वतःच्या हातानं लस टोचली. लस म्हणजे तोच जंतू, बाटल्यांमधून वर्षानुवर्षं वाढवून मवाळ केलेला.

कालवडीच्या खांद्यापुढची गाठ सुजली होती. गोदूनं सुईनं गाठीतलं पाणी काढलं, काचेवर पसरलं, रंगवलं आणि खिडकीत ठेवलेल्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशींच्या आत निळे ठिपके होते.

"दिसतंय काय?"

"दिसतंय."

"आपलं हाय का गोचिडाचं?"

"दिसायला दोन्ही सारखेच. जहाल असतो तो एक पाझर सोडतो. त्यानं अंगातले पडदे विरघळतात नि तो गाठीतून सगळीकडे पसरतो. आपला तो पाझर सोडायचं विसरलाय. पण हे इथं कळत नाही, आबा. नमुना मुंबईला न्यावा लागेल."

"तवर हिचं काय?"

कुंपणापाशी दौलतराव उभे होते. गावात सगळ्यात मोठा गोठा त्यांचा. ही कालवड निभावली तर ते आपल्या वासरांना लस टोचून घेणार होते, आणि त्यांनी घेतली की गाव घेणार होतं.

तिच्या पिशवीत औषधाची बाटली होती. त्या औषधानं जहाल मरतो, तसा मवाळही मरतो. ते दिलं, तर कालवड लशीनं तरली असं कुणीच म्हणणार नाही. नाही दिलं, आणि आत जहाल असला, तर? गायीच्या नाकाशी शेवटी आलेला लाल फेस तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

राजाबाई पाण्याची बादली घेऊन आली. लेकीकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या बाटलीतलं खरं करायला हिला मारू नको गं."

गोदूनं सिरिंज भरली.

"आता हे काय टोचतेस?" दौलतरावांनी कुंपणावरून विचारलं.

शक्तीचं इंजेक्शन, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"औषध, काका. ताप चढलाय. माझ्या लशीचा का गोचिडाचा, मला सांगता येत नाही."

"म्हंजे तुझाच तुझ्या लशीवर भरोसा नाय."

"आत्ता नाही."

दौलतराव निघून गेले.

ताप उतरला. कालवड रवंथ करायला लागली. तिकडे मुंबईत गोदूनं नमुना तपासायला लावला. जहाल जंतूचा पाझर निळ्या पट्टीला खाऊन पांढरी रेघ पाडतो. ती पट्टीसमोर बसून राहिली. पट्टी निळीच्या निळी राहिली. ताप तिच्याच लशीचा होता. दोन दिवसांत आपोआप उतरला असता.

सुट्टीच्या दिवशी ती दौलतरावांच्या गोठ्यात गेली.

"काका, तो माझाच होता. मवाळ. औषधाची गरज नव्हती."

"मंग दिलंस कशाला?"

"घाबरले."

दौलतराव शेण ओढत होते. ओढता ओढताच त्यांनी विचारलं, "माझ्या वासरांना ताप आला नि पुन्हा तुला कळलं नाय, तर?"

"पुन्हा घाबरेन. पुन्हा औषध देईन."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, हात धुतले. सगळ्यात लहान वासरू सोडून आणलं, त्याची मान काखेत घट्ट धरली.

"टोच," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.