दोन महिन्यांची ऑर्डर

"अहो, अंगठा उमटत नाहीये," हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत आलेल्या केळुसकर बाई मशीनसमोर म्हणाल्या, तेव्हा रांगेतले एक म्हातारे गृहस्थ चमकून पुढे आले.

"बाई, तुम्ही धरणविरोधी समितीच्या ना? आवाजावरून ओळखलं. मी पोलिसात होतो. तुमचा फोन ऐकायची ड्यूटी माझ्याकडे होती."

बाईंना नवल वाटलं नाही. चौदा वर्षांपूर्वी फोनमध्ये खरखर यायला लागली, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. रोज फोन करणाऱ्या बहिणीला त्यांनी बजावलं होतं, "ताई, यापुढे मला फोन करू नकोस. तुझ्या मुलाची सरकारी नोकरी आहे." ताईने ऐकलं. गेल्या वर्षी ती गेली, तेही बाईंना पेपरातून कळलं.

"अजून ऐकतात?" त्यांनी विचारलं.

"छे हो. दोनच महिन्यांची ऑर्डर होती. काही सापडलं नाही, म्हणून बंद केलं. तुम्ही ताईंना नको म्हणालात ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

मशीनचा दिवा हिरवा झाला. "झालं, आजी. पुढच्या वर्षी या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"ताई कशी बोलायची हो?" त्यांनी हळूच विचारलं. "मला आता तिचा आवाज आठवत नाही."

गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली.

"चार-चार वेळा 'ठेवते गं' म्हणायच्या," ते म्हणाले, "आणि ठेवायच्या नाहीत."