दुसराही क्रेफिश गेला

"पप्पा, हा दुसरा क्रेफिशपण गेला!" रविवारी सकाळी अनय रडवेला झाला. फिश टँकच्या तळाशी करंगळीएवढं, कोळंबीसारखं नारिंगी शरीर निपचित पडलं होतं.

"लेकराला आज क्लासची टेस्ट नको. राजश्री, तू थांब त्याच्यापाशी. देगलूरला आईकडे मी एकटाच जाऊन येतो," म्हणत रेणुकादास निघाले.

लातूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या राजश्रीने ते शरीर चिमट्याने उचललं. आतून पोकळ होतं.

"अनय, ही कात आहे, वाढताना टाकलेलं कवच. तुझे दोन्ही क्रेफिश त्या दगडामागे बसलेत. मागच्या वेळीही कातच होती ना?"

"पप्पाला सांगू नको गं, आई."



"नाही सांगत. ही नीट वाळवून ठेव. पुढच्या रविवारी तुझ्या आत्याकडे बोलावलंय, आणि हे इतक्या लवकर पुन्हा कात टाकणार नाहीत."